पप्पांच्या गाडीला ट्यून

प्रश्न : पत्र बेळगावच्या एका ३० वर्षांच्या वाचकाचं आहे. उद्यमबागेत वडिलांचं मशिन शॉप आहे, हायड्रॉलिकचे सुटे भाग बनतात, बापलेक मिळून ते चालवतात. घरी २०२२ ची फोक्सवॅगन व्हर्चुस आहे, एक लिटर टर्बो पेट्रोल, मॅन्युअल गिअरची, ५० हजार किलोमीटरच्या आसपास चाललेली. बहीण म्हापशाला दिली आहे, त्यामुळे चोर्ला घाटातून गोव्याला येणं-जाणं सारखं असतं. कामासाठी कोल्हापूर-पुणंही होतं. तक्रार अशी की गोव्याहून परतताना, गाडीत पाच माणसं, सामान आणि वर एसी असला की केरी सोडून चढ लागल्यावर तिसऱ्या गिअरमध्ये गाडी दम खाते. त्यात भर म्हणजे मित्राची ट्यून केलेली, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेली, याच मॉडेलची गाडी संकेश्वरच्या पुढे हायवेला यांना सहज मागे टाकून गेली. समोर तीन पर्याय आहेत. सेन्सरच्या वायरिंगला जोडायचा ट्यूनिंग बॉक्स, १८ हजारांचा. ओळखीच्या एका मुलाकडून 'मित्राच्या गाडीत आहे तीच फाइल', म्हणजे तेच सॉफ्टवेअर, १२ हजारांत. किंवा पुण्याच्या ट्यूनरकडून स्टेज वन, म्हणजे सुटे भाग न बदलता फक्त सॉफ्टवेअरचं ट्यून, ४५ हजार. ताकद ११५ पीएसची १४० आणि टॉर्क (फिरवणारा जोर) १७८ एनएमचा २३५ होईल असं त्याचं म्हणणं. वडिलांचा साफ विरोध आहे : "कंपनीचे इंजिनीअर काय खुळे हाईत?" वडील स्वतःही ही गाडी चालवतात, एव्हरेजसाठी लवकर वरचा गिअर टाकतात, आणि आरसीवर नावही त्यांचंच आहे. वाचकाचा विचार आहे की गुपचूप करून घ्यावं, वॉरंटीचं काम निघालंच तर मूळ फाइल परत टाकून गाडी शोरूमला न्यावी. यातलं काय निवडावं?

उत्तर : आधी घाटाचं बघू. तुमची खरी गरज तिथेच आहे आणि तिचं निम्मं उत्तर गाडीत आधीपासून आहे.

वळणावर वेग ३० पर्यंत उतरतो, तुम्ही तिसऱ्यातच राहता आणि आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांचा, काटा १५०० च्या आसपास रेंगाळतो. या इंजिनाचा १७८ एनएम टॉर्क कंपनीने १७५० ते ४५०० आरपीएमच्या पट्ट्यात दिलेला आहे. त्याच्या खाली टर्बोला फिरवायला लागणारा एक्झॉस्टच पुरेसा येत नाही. आता कागद घ्या. टॉर्कला आरपीएमने गुणून ९५४९ ने भागलं की किलोवॅट मिळतात, त्यांना १.३६ ने गुणलं की पीएस. शॉपमध्ये मोटर निवडताना हे सूत्र तुमच्या हातात असतंच. १७५० आरपीएमला १७८ एनएम म्हणजे जेमतेम ४४ पीएस. तोच टॉर्क ३००० ला ७६ पीएस होतो आणि ४५०० ला ११४. म्हणजे वळणाच्या आधीच दुसरा गिअर टाकून काटा अडीच-तीन हजारांवर ठेवला, तर चाकांना मिळणारी ताकद दीडपटीच्या वर जाते. पुण्याचा ट्यूनर ४५ हजारांत जितकी वाढ देऊ म्हणतो त्याहून ही वाढ मोठी आहे.

तुम्ही म्हणाल, हे मला माहीत नाही का? माहीत असेलच. पण टर्बो गाडी घेतल्यावर 'टॉर्क भरपूर आहे, गिअर बदलायची गरज नाही' हे इतक्या जणांच्या तोंडून कानावर पडतं की हात गिअरवर जायचाच थांबतो. पुढच्या खेपेला परतताना केरीपासून चोर्ल्यापर्यंत काटा २००० च्या खाली येऊ द्यायचा नाही एवढं एकच पथ्य पाळा. इंजिनाचा आवाज वाढेल, एव्हरेज थोडं पडेल; इंजिनाला मात्र यात काही त्रास नाही, उलट त्याला असंच चालायला आवडतं. महत्त्वाचं म्हणजे १५०० ला येणारा तो दम कुठल्याही ट्यूनने फारसा जात नाही. फाइलमध्ये कितीही बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) मागितला तरी टर्बो फिरल्याशिवाय तो मिळणार नाही. ज्या जागेवर तुम्हाला दुखतंय, नेमकं तिथेच हे औषध सगळ्यात कमी लागू पडतं.

दुसरं, गाडी आज तिचे स्वतःचे ११५ पीएस तरी देते का? ५० हजार चाललेल्या गाडीचे स्पार्क प्लग कधी बदलले, एअर फिल्टर कसा आहे, टर्बोपासून इनटेकपर्यंतच्या होजचा एखादा क्लॅम्प सैल होऊन हवा गळते का, हे आधी बघून घ्या. अशा बारीक गळतीत गाडी चालते, चेक इंजिनचा दिवाही लागत नाही, फक्त ओढ कमी होते. मग माणूस ट्यून करतो आणि जी ताकद मूळचीच होती ती पैसे देऊन परत घेतो. क्लचही तपासा : सपाट मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरला अडीच हजारांवर असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. काटा वर उडाला आणि वेग मागे राहिला, तर क्लच प्लेट घसरते आहे. १७८ एनएमला घसरणारा क्लच २३५ एनएमला टिकणार नाही. मग तुमच्या ४५ हजारांत क्लचचा खर्चही धरा.

आता पप्पांच्या वाक्याकडे येतो. इंजिनीअर खुळे नाहीत हे खरं, पण त्यावरून 'यापुढे इंजिन जाऊच शकत नाही' असं ठरत नाही. याच एक लिटर टीएसआय इंजिनातून इथल्या पोलोत ११० पीएस आणि १७५ एनएम घेतले जात होते, तुमच्या गाडीत ११५ आणि १७८ घेतात, युरोपात ९५ पीएसचाही अवतार विकला गेला. आकडा बराचसा सॉफ्टवेअर ठरवतं, यात तुमच्या मित्राचं काही चुकत नाही. पण वरची ती मोकळी जागा वाया गेलेली नसते. तुमच्याच शॉपमधला पॉवर पॅक घ्या, ऑईलला दाब देणारा. रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू आणखी दोन फेरे आवळला की दाब वाढतो, सिलिंडर जोरात जातो, पहिल्या दिवशी सगळं छान वाटतं. पण होज, सील आणि पंप तेच राहतात, आणि ज्या दिवशी ऑईल तापलेलं असेल, सील जुनं झालेलं असेल, त्या दिवसासाठी ठेवलेली शिल्लक तुम्ही आधीच खर्च केलेली असते. इंजिनात ती शिल्लक हलक्या पेट्रोलसाठी, एप्रिल-मे महिन्यातल्या उन्हासाठी, उशिरा बदललेल्या ऑईलसाठी आणि चालवणाऱ्याच्या सवयींसाठी ठेवलेली असते.

सवयींचा मुद्दा मला या सगळ्यात मोठा वाटतो, आणि पत्रात तुम्ही तो सहज जाता जाता लिहून गेलात. पप्पा लवकर वरचा गिअर टाकतात. म्हणजे चौथ्या-पाचव्या गिअरला काटा १५००–१६०० वर, समोर चढ किंवा एखादा टेम्पो, आणि गिअर न उतरवता ॲक्सिलरेटर तळाला. टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शनच्या पेट्रोल इंजिनाला सगळ्यात घातक काय असेल तर हेच. आरपीएम कमी असल्याने पिस्टन सावकाश वर येतो, दाब मात्र चढलेला असतो. सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑईल-पेट्रोल मिसळलेला एखादा थेंब किंवा कार्बनचा कण ठिणगी पडायच्या आधीच पेट घेतो. पिस्टन अजून वर येतोय आणि स्फोट त्याला खाली ढकलतोय. याला लो-स्पीड प्री-इग्निशन म्हणतात. नेहमीचं नॉकिंग, म्हणजे ठिणगीनंतर उरलेलं इंधन आपोआप पेटून होणारी ठकठक, नॉक सेन्सर ऐकतो आणि ठिणगीचं टायमिंग मागे घेऊन आवरतो. इथे ठिणगीच्या आधीच सगळं होऊन गेलेलं असतं, त्यामुळे टायमिंग मागे घेऊन उपयोग नसतो. एखाद्या झटक्यात पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटते. ही अडचण इतकी खरी आहे की इंजिन ऑईलच्या दर्जात त्यासाठी वेगळी चाचणी आली : २०१८ मध्ये एपीआय एसएन प्लस आणि २०२० मध्ये एपीआय एसपी.

कंपनीच्या फाइलमध्ये या पट्ट्यात टॉर्क जपून दिलेला असतो. स्टेज वनची जाहिरात मात्र बहुतेक वेळा खालच्या आरपीएमच्या टॉर्कवर चालते, कारण सीटला पाठ दाबल्यासारखं तिथेच वाटतं. तुम्ही स्वतः गिअर उतरवून चालवाल, तुमचं निभेल. पण सोमवारी सकाळी पप्पा तीच गाडी घेऊन नेहमीच्या सवयीने चौथ्यात चढ चढतील, आणि आत काय बदललंय हे त्यांना ठाऊक नसेल. तुम्ही ट्यून स्वतःसाठी निवडताय, इंजिन मात्र दोघांच्या पायाखाली आहे. गुपचूप करू नका असं मी सांगतो ते मुख्यतः यासाठी.

आता तीन पर्याय.

ट्यूनिंग बॉक्स मला या गाडीला नको वाटतो. तो बूस्टच्या सेन्सरचा सिग्नल मध्येच अडवतो आणि ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) खऱ्यापेक्षा कमी दाब सांगतो. ईसीयू बिचारा भरपाई म्हणून दाब वाढवत नेतो. टायमिंग, इंधन, एक्झॉस्टचं तापमान हे सगळे हिशोब मग चुकीच्या आकड्यावर चालतात. अर्ध्या तासात काढून ठेवता येतो हाच त्याचा खरा गुण, आणि विकणारा जेव्हा 'वॉरंटीला काही कळत नाही' हेच सगळ्यात आधी सांगतो तेव्हा तो काय विकतोय ते ओळखा.

१२ हजारांची फाइल तर अजिबात घेऊ नका. दोन गाड्या एकाच मॉडेलच्या असल्या तरी ईसीयूचा सॉफ्टवेअर नंबर वेगळा असू शकतो, शोरूममध्ये एखादं अपडेट झालेलं असू शकतं. शिवाय ती फाइल मुळात कोणी, कुठल्या पेट्रोलवर, कुठल्या गाडीसाठी लिहिली हे त्या मुलालाही माहीत नसतं. लिहिताना मध्येच बॅटरीचं व्होल्टेज पडलं तर ईसीयू बंद पडून गाडी जागेवरच उभी राहते, आणि ईसीयू उघडून परत जागा करण्याचं सामान आणि हात त्याच्याकडे असतील याची खात्री नाही.

राहिला पुण्याचा ट्यूनर. त्याच्याकडे पीएसचा आकडा विचारू नका. लॉग मागा. काम कसं चालतं ते सांगतो, म्हणजे समोर बसल्यावर गोंधळ होणार नाही. गाडी डायनोवर (ताकद मोजणाऱ्या रोलरच्या यंत्रावर) चढवतात, तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये २००० पासून साडेपाच हजारांपर्यंत पूर्ण ॲक्सिलरेटर देतात आणि ओबीडीच्या (तपासणीच्या) सॉकेटमधून इंजिन स्वतःबद्दल काय सांगतंय ते टिपून घेतात. त्या तक्त्यात आरपीएमच्या पुढे मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट असतो, इनटेकच्या हवेचं तापमान असतं, फ्युएल ट्रिम (ईसीयूने इंधनात केलेली कमी-जास्त) असते, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिन्ही सिलिंडरांचं टायमिंग नॉकमुळे किती अंश मागे घेतलं गेलं याचे तीन वेगळे रकाने असतात. अधूनमधून कुठे एखाद-दोन अंश मागे गेलं तर चालतं. ईसीयूचं ते रोजचंच काम आहे. पण एकाच सिलिंडरला दर खेपेला पाच-सहा अंश मागे घ्यावं लागत असेल, तर ती फाइल त्या इंजिनाला जड जातेय. मागितलेला आणि मिळालेला बूस्ट यांत मोठं अंतर असेल तर एकतर कुठेतरी गळती आहे किंवा टर्बो त्याच्या शेवटाला पोचलाय. एका खेपेवर समाधान मानू नका, लागोपाठ तीन खेपा घ्यायला सांगा. तुमच्या इंजिनाचा इंटरकूलर (टर्बोतून आलेली तापलेली हवा थंड करणारा) पाण्याचा आहे आणि इनटेक मॅनिफोल्डमध्येच बसवलेला आहे; पहिली खेप थंड हवेवर छान जाते, तिसऱ्या खेपेला आत साठलेली उष्णता दिसायला लागते, आणि तुमचा घाट त्या तिसऱ्या खेपेसारखा असतो.

हा लॉग आधी मूळ फाइलवर घ्यायचा, मग ट्यूनवर. डायनोचा आकडा यंत्रागणिक बदलतो, म्हणून एकाच डायनोवर, एकाच दिवशी, आधीचा आणि नंतरचा असा जोडीने घेतला तरच त्याला अर्थ आहे. जो ट्यूनर आधीचा लॉग न घेता सरळ फाइल टाकतो त्याच्याकडून उठून या. दिलेले पैसे गेले तरी चालतील.

आणि त्याला आणखी एक गोष्ट सांगा, ती तुमच्या घरासाठी खास आहे : २५०० आरपीएमच्या खाली टॉर्क कंपनीइतकाच ठेव, आणि वरचा शेंडाही २३५ ऐवजी २१० च्या आसपास आवर. चांगल्या ट्यूनरला हे अवघड नाही. जाहिरातीतल्या आकड्यापेक्षा कमी मिळेल, मित्राची गाडी तुमच्यापेक्षा जोरातच राहील. पण क्लच टिकेल आणि पप्पांच्या सवयीला इंजिन पुरून उरेल. स्टेज टूचा विषय निघाला तर नको म्हणा. त्यात डाऊनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप) बदलताना बऱ्याचदा धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकतात, ते प्रदूषणाच्या नियमात बसत नाही आणि तुमच्या गरजेशीही त्याचा काही संबंध नाही. डिझेल गाडी असलेल्या वाचकांना प्रदूषण रोखणारे ईजीआर आणि डीपीएफ 'बंद करून देतो' असं कोणी म्हणालं, तर त्यांनाही माझं हेच सांगणं.

पेट्रोलचं आपल्या भागात एक वेगळंच आहे. आपण तीन राज्यांच्या पंपांवर जगतो. गोव्यात स्वस्त म्हणून परतताना डिचोली-सांखळीला टाकी फुल करायची, कामाला गेलो की कोल्हापुरात. आपल्याकडे साध्या पेट्रोलचा ऑक्टेन (नॉकिंगला तोंड द्यायची क्षमता) वर्षानुवर्षं किमान ९१ होता. प्रीमियम ९५ चं, आणि इंडियन ऑईलने डिसेंबर २०२० मध्ये १०० ऑक्टेनचंही आणलं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलने ऑक्टेन वाढतो, नॉकला मदतच होते, पण त्याला जळायला हवा कमी लागते : निव्वळ पेट्रोलचं हवा-इंधन प्रमाण १४.७, निव्वळ इथेनॉलचं ९, मिश्रणाचं साडेतेराच्या जवळपास. तेवढं इंधन ईसीयूला जास्त सोडावं लागतं, ते फ्युएल ट्रिमच्या रकान्यात दिसतं. म्हणून ट्यूनरला विचारा, तुझी फाइल कुठल्या पेट्रोलवर बसवलीस? 'युरोपातली तयार फाइल आहे' हे उत्तर आलं तर ती त्यांच्या ९५ किंवा ९८ ऑक्टेनवर घडलेली असण्याचीच शक्यता जास्त. ती घेतली की घाटात निघण्याआधी दरवेळी प्रीमियम शोधणं आलं, आणि ते पप्पांनाही पाळावं लागणार. साध्या पेट्रोलवरही लॉग स्वच्छ येईल अशी फाइल मागा.

उंचीचंही लक्षात असू द्या. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे, इथे हवेचा दाब गोव्याच्या किनाऱ्यापेक्षा आठ-नऊ टक्क्यांनी कमी. टर्बो ही तूट भरून काढतो, पण त्यासाठी त्याला जास्त फिरावं लागतं. म्हणून बूस्ट अगदी काठावर नेऊन ठेवलेली फाइल नको.

आता कायद्याचं. हे सांगितल्याशिवाय वरचा सल्ला देणं बरोबर होणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असं म्हणतं की आरसीतले तपशील कंपनीने मुळात ठरवलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाने करू नये. नव्या आरसी कार्डावर सीसीच्या शेजारी हॉर्सपॉवरचा रकाना आहे, काढून बघा. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये याच कलमाचा अर्थ कडकपणे लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२ए मध्ये परवानगीशिवाय बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. 'मालकाला' हा शब्द नीट बघा. फाइल तुम्ही टाकणार, पण कागदावर उत्तर पप्पांना द्यावं लागणार. सॉफ्टवेअर डोळ्यांना दिसत नाही म्हणून नाक्यावर कोणी धरत नाही हे खरं. प्रश्न अपघातानंतर येतो, जेव्हा विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडी उघडतो. बदल न कळवल्याचं कारण दाखवून क्लेम अडवता येतो. ट्यून करायचंच ठरलं तर विमा कंपनीला लेखी कळवा आणि त्यांचं उत्तरही लेखी घ्या, मग ते काहीही असो.

मूळ फाइल परत टाकून शोरूमला जाण्याचा बेत सोडून द्या. ईसीयू किती वेळा लिहिला गेला याची नोंद आतच राहते, आणि फोक्सवॅगन गटाच्या सर्व्हर यंत्रणेत ट्यून आढळलेल्या गाडीवर टीडी१ असा कोड लागतो. तो लागला की इंजिन-गिअरबॉक्सच्या वॉरंटीचे दावे अडतात. लपवाछपवी करून वॉरंटी मागणं मला तत्त्वानेही पटत नाही, पण तत्त्व बाजूला ठेवलं तरी ते जमण्याची शक्यता फार नाही. तुमची वॉरंटी अजून शिल्लक असेल तर ती संपेपर्यंत थांबा. मधल्या काळात ऑईल १५ हजारांऐवजी सात-साडेसात हजारांवर बदलत चला, कॅनवर कंपनीने सांगितलेला मान्यतेचा कोड आहे ना ते बघून. ट्यून करा वा न करा, टर्बोला याचा फायदा आहे.

हायवेचं थोडक्यात. ताशी १०० ने सपाट रस्त्यावर जायला तुमच्या गाडीला २०–२५ पीएस पुरतात आणि चौपदरी हायवेला कारची मर्यादाही १०० चीच आहे. कर्नाटक पोलिसांनी १ ऑगस्ट २०२४ पासून १३० च्या वर पळवणाऱ्यांवर सरळ गुन्हा नोंदवायला घेतलंय. संकेश्वरच्या पुढे मित्र निघून गेला त्याचं मनाला लागलं, हे मी समजू शकतो. तुमच्या वयात ते लागतं. पण त्या एका दुपारीसाठी ४५ हजार घालू नका. त्यातले काही आधी टायरवर आणि ब्रेकवर घाला. टायरच्या बाजूवर डीओटीच्या शेवटी चार आकडे असतात. '२३२२' म्हणजे २०२२ चा तेविसावा आठवडा. गाडीबरोबर आलेलेच टायर असतील तर जांबोटी-कणकुंबीच्या पावसात त्यांची पकड पहिल्यासारखी राहिलेली नसणार. ब्रेक ऑईल दोन वर्षांत बदललं नसेल तर तेही बदला, घाट उतरताना तेच उकळतं.

मग माझं मत काय? आत्ता ट्यून करू नका. आधी दुसऱ्या गिअरचा घाट करून बघा, प्लग-फिल्टर-होज-क्लच बघून घ्या, वॉरंटी संपू द्या. त्यानंतरही मनात असेल तर पुण्याला एकट्याने जाऊ नका, पप्पांना बरोबर न्या. ते मशिनवर हयात घालवलेले आहेत. त्यांना 'पॉवर वाढते' सांगितलंत तर ते ऐकणार नाहीत, पण तीन सिलिंडरांचे तीन रकाने त्यांच्यासमोर ठेवले तर कुठला जड जातोय हे ते तुमच्याआधी दाखवतील. नको म्हणाले तर ते नको मान्य करा. गाडी त्यांची आहे. स्वतःच्या नावावर गाडी घ्याल तेव्हा हा प्रश्न नव्याने तुमच्या हातात येईल. हो म्हणाले, तर कायद्याची आणि विम्याची जोखीम जाणून म्हणालेले असतील, आणि चौथ्या गिअरची सवय मोडायची हेही त्यांच्याशी त्याच दिवशी बोलून घेता येईल.

तोवर त्या ट्यूनरला एवढंच लिहून विचारा : मूळ फाइलवरचा लॉग देणार का, साध्या पेट्रोलवर फाइल बसवणार का, २५०० च्या खाली टॉर्क आवरणार का, आणि मूळ फाइलची प्रत माझ्याकडे देणार का. काय उत्तर येतं ते कळवा. लॉग मिळाला तर तोही पाठवा, मी बघून सांगतो; फक्त तिन्ही सिलिंडरांचे रकाने त्यात वेगळे असू द्या.